बोडीची सुनावणी

देवरीला महामार्गावर एसटीतून उतरलो, तेव्हा पुढे नवेगाव बांधला जायचं एवढाच बेत होता. पण मित्राच्या आत्याकडे, शेवंताबाईंकडे, मुक्काम केला आणि बेत राहिला बाजूला. आत्याचा पाय प्लास्टरमध्ये, आणि दुसऱ्याच दिवशी गोंदियाच्या कोर्टात तारीख! शेजाऱ्यानं तिची बोडी (शेतातलं लहान तळं) स्वतःची म्हणून मातीनं बुजवायला घेतली होती. बोडी गेली की धानाचं पाणी गेलं.

"गोंदियाला जाणार कशा?" मी विचारलं.

"कायले जाऊ? कोर्टच देवरीले येऊन राहिलं."

म्हणजे देवरीच्या कोर्टातल्या सुविधा केंद्रात बसायचं आणि पडद्यावरून गोंदियाच्या साहेबांशी बोलायचं. माझा काडीचा विश्वास नव्हता. मोबाइलवर बायकोचं निम्मं बोलणं कळत नाही, आणि इथं म्हणे न्याय मिळणार! तरी सकाळी पोह्यांवर तर्री (तिखट रस्सा) ओतून खाल्ली, डोळे पुसले नि आत्याला रिक्षातून नेलं.

पडद्यावर न्यायाधीश दिसले. कोकणातून नुकतेच बदलून आलेत, हे आत्यानं वाटेतच सांगितलं होतं. आवाज खरखरत होता.

"काय तक्रार आहे, बाई?"

"साहेब, हा माणूस माही बोडी बुजवून राहिला!"

साहेबांचा पेन थांबला. "बॉडी? कोणाची बॉडी पुरली?"

"माही! मंग कोणाची?"

"अहो, तुम्ही तर जिवंत आहात!"

तिकडे वकील हसले, इकडे मी कपाळावर हात मारला. झालं, म्हटलं, हातातोंडाशी आलेला घास गेला. आत्या मात्र खुर्चीत पुढे सरकली.

"बॉडी नाही साहेब, बोडी! तलाव गावचा असते, बोडी घरची. माह्या सासऱ्यानं खोदली. तिच्याच पाण्यावर माहा धान पिकते."

आता साहेबही खळखळून हसले. "बोडी, हाच शब्द लिहा," लेखनिकाला म्हणाले. मग दोन्ही वकील बोलले, नकाशा पाहून झाला आणि साहेबांनी पडद्यावरूनच मनाई हुकूम ऐकवला: निकाल लागेपर्यंत बोडीत टोपलंभरसुद्धा माती पडता कामा नये. शाब्बास! मी तिथंच टाळी वाजवली. शिपायानं डोळे वटारले.

संध्याकाळी शेतावर गेलो, तर काठावर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर उभा, मागे मातीनं भरलेली ट्रॉली. वकिलांनी मोबाइलवर धाडलेला हुकूम मी ड्रायव्हरला दाखवला. रिक्षातून आत्या कडाडली, "वापस ने ते माती! काऊन उभा राहिला?"

त्यानं मालकाला फोन लावला, दोनदा मान हलवली आणि ट्रॅक्टर वळवला.

घरी सांगलीला परतल्यावर आता लोक विचारतात, एवढ्या लांब जाऊन पाहिलंस काय? मी छाती फुगवून सांगतो, प्लास्टरमधल्या बाईनं देवरीत बसून गोंदियाचं कोर्ट जिंकलं, आणि भरलेली ट्रॉली भरलेलीच परत गेली.