उजव्या हाताचा घास

आमच्या आत्यांना त्या दिवसांत एकच शब्द येत होता, नको. चहा हवा असला तरी नको, नको असला तरी नकोच. एका सकाळी अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात, उजवा पाय, बोलणं, सगळं एकदमच गेलं. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आमच्या आत्या म्हणजे गप्प बसणारी बाई नव्हे. वाईच्या बाजारात त्यांनी घासाघीस सुरू केली की मीच लाजून पुढच्या दुकानाकडं सरकायची. अशा बाईच्या तोंडात देवानं एक शब्द ठेवला, आणि ठेवून ठेवून तो मेला हा ठेवला.

साताऱ्याच्या दवाखान्यात गिळायला त्रास नाही याची खात्री झाल्यावर नर्सनं त्यांच्या डाव्या हातात चमचा दिला. आत्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. जन्मात कधी डाव्या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा कुणापुढं केला नाही, त्या डाव्या हातानं जेवतील होय? मग मी भरवायला लागले. घरी आणल्यावरही मीच भरवायची, मी रानात असले तर शेजारीण भरवायची. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आणि त्यांचा उजवा हात मूठ मिटून मांडीवर पडलेला असायचा.

व्यायाम करून घ्यायला शिरवळहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. एकदा ती ऐन जेवणाच्या वेळेला आली. माझं भरवणं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, डाव्या हातानं त्या जेवत नाहीत, उजव्यानं तुम्ही जेवू देत नाही. मग तो हात हलेल कशासाठी?" हे सुरुवातीचे महिनेच हाताच्या कामाचे, पुढं तो मागं आणणं लय अवघड, असंही सांगितलं. उजव्याच हातानं जेवायचा त्यांचा हट्ट हेच आपलं औषध, म्हणाली.

मला राग आला. एवढी उस्तवार करतेय आणि ही पोरगी मलाच बोल लावतेय. आत जाऊन भांडी आदळली. पण ती गेल्यावर आत्यांची मूठ उघडून बघितली. बोटं सरळ करावी तर परत मिटत होती.

दुसऱ्या दिवसापासून भरवणं बंद. परातीत आमटी, तीत भाकरी बारीक कुस्करलेली, आणि तिच्यात त्यांचा उजवा हात. त्या पोरीनं शिकवल्याप्रमाणं मी कोपराला खालून आधार देऊन बसायची. आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली घातली. डाव्या हातानं परात ढकलून दिली. "नको." त्या दुपारी भरलेली परात तशीच उचलली. संध्याकाळी दूध पाजलं आणि आत जाऊन रडले.

भूक कुणाला चुकलीय? हळूहळू दोन बोटं भाकरी ओढायला लागली. अंगठा मात्र येत नव्हता. हनुवटीवर आमटी, पदरावर आमटी, तोंडात जाईल तेवढंच खरं. जेवण होईपर्यंत पुसायचं नाही, मधे हात घालायचा नाही, असं मला बजावलेलं होतं. तेवढ्यात गावात झालं, म्हातारीला उपाशी मारती. ते पार सरहद्दीवर नोकरीला असलेल्या आमच्या मालकांपर्यंत पोचलं. फोन आला, "आईला दोन घास भरवायला तुला जड जातंय व्हय?"

"आवं, मग तुमी या आणि भरवा," मी म्हटलं. "जन्मभर भरवा. आन हात कवा यायचा त्ये बी तुमीच सांगा."

त्यांनी फोन ठेवला. आणि आपल्या बहिणीला लावला.

नणंद जतहून आली ती नेमकी जेवणाच्या वेळी. आईच्या कोपरापर्यंत आमटीचे ओघळ, वर माश्या, आणि मी समोर हात बांधल्यासारखी बसलेली. आधी ती रडली, मग भडकली. "उद्या गाडी बोलावते. आईला जतला नेते. माझ्याकडं तिला कशाला हात लावायला लागायचा न्हाई."

मला भीती होती ती नेमकी याचीच. कशाला हात लावला नाही तर हात संपलाच. मी परोपरीनं सांगितलं. ती म्हणाली, तुझी आई असती तर असं केलं असतंस का? शेवटी तिनं आईलाच विचारलं, "आई, येतीस न्हवं माझ्याकडं?"

"नको."

"मग हितं राहतीस?"

"नको."

हसू यावं अशी गोष्ट होती, पण हसलं कुणी नाही. आत्यांच्या नकोवरून काही ठरत नव्हतं, मग लेकीचंच खरं. मी आत जाऊन आत्यांची लुगडी पिशवीत भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी जेवून निघायचं ठरलं. नणंदेनं आमटीभात कालवला आणि आईपुढं बसली. पहिला घास आत्यांनी घेतला. दुसराही घेतला. मी चुलीपाशी होते, मला वाटलं, झालं, संपलं सगळं. तिसऱ्या घासाला त्यांनी तोंड फिरवलं. "नको."

"घे गं, लांबचा रस्ता हाय," म्हणत नणंदेनं घास ओठाला लावला.

मांडीवरचा उजवा हात हलला. अडखळत वर आला आणि त्यानं लेकीचा हात बाजूला सारला. जोर कसला नव्हता, पण घास लेकीच्या लुगड्यावर सांडला. तोच हात ताटात गेला. भाकरीचा काला बोटाला चिकटतो, भात कुठला चिकटायला. एकदा सांडला, परत सांडला. कोपर खालून धरावं म्हणून मी उठले आणि तशीच उभी राहिले. दोन बोटांना अंगठा येऊन भिडलेला मला दिसला. आत्यांनी मान खाली नेली, हात वर नेला, आणि चार शितं तोंडात गेली.

गालावरची शितं पुसायला नणंदेनं पदर पुढं केला. मी तिचं मनगट धरलं.

"वन्सं, ऱ्हाऊ द्या."

ती बसली. आत्या जेवत राहिल्या. लय वेळ लागला, भात पार गार झाला. मग बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नणंद उठली, डोळे पुसत दारापाशी गेली आणि गाडीवाल्याला म्हणाली, "नको."