एकाच मुलीचे प्रेक्षक

ऑक्टोबर २०२१, शनिवार सकाळ, लेकीच्या कॉलेजचं फुटबॉल मैदान. हजर: आम्ही दोघं, परदेशातल्या आमच्या ॲडम्सटाउन उपनगरातली पाच मराठी कुटुंबं आणि तीन थर्मास चहा.

लेकीच्या कॉलेजात बास्केटबॉलला हॉल भरायचा. मुलींच्या फुटबॉलला मात्र कुणी फिरकत नसे. म्हणून कॅप्टनने मला विचारलं होतं, "आमच्यासाठीही गर्दी आणाल का?" मी लगेच याद्या केल्या: कोण कुणाच्या गाडीत, चिवडा कुणाकडे, घोषणा कोण देणार. सगळे वेळेवर आले आणि घसा बसेपर्यंत ओरडले, पण फक्त माझ्या मुलीच्या नावानं. कॅप्टनने गोल केला, तेव्हाही आमच्यातले एक भाऊजी ओरडले, "अहो, पास कुणी दिला? आपल्या पोरीनं!"

आमच्याकडे बघत उंचावलेला हात कॅप्टनने हळूच खाली घेतला.

परतताना मुलगी इंग्रजीत म्हणाली, "आई, आम्ही अकरा जणी खेळतो. सोमवारी त्यांना तोंड कसं दाखवू?"

मला मान वर करवेना. घोषणा मीच लिहून दिल्या होत्या आणि त्यांत एकच नाव होतं.

घरी येऊन वहीत एक ते दहा आकडे घातले. उरलेल्या दहा जणींची नावं मुलीला विचारायची आहेत. अजून विचारलेली नाहीत.