बाबांची आंघोळ

बाबा आंघोळ टाळायचे ते थंडीमुळे नाही, लाजेमुळे. जन्मभर पाचपावलीतल्या घरी हातमागावर लुगडी विणली, त्या सुताची धूळ छातीत जाऊन बसली होती. अंगावर दोन तांबे घेतले की धाप लागायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. भाऊ पहाटेच हिंगण्याला कारखान्यात जायचा. उरलो आम्ही दोघी, मी आणि वहिनी. लेकीनं किंवा सुनेनं आंघोळ घालायची? त्यापेक्षा भावाच्या सुट्टीपर्यंत तसेच पारोसे बसायचे.

माझा स्वभाव तापट. एकदा बादली भरून समोरच आदळली.

"मेल्यावर घालजो आंघोळ," बाबा म्हणाले. "जित्ता हाओ तवर नाही."

त्या दिवशी वहिनी आणि मी, दोघी जेवलो नाही.

दुसऱ्या सकाळी ते बंडीची बटणं लावत होते. तोंड घट्ट मिटलेलं, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. एक बटण लागलं की धापा. मी बघतच राहिले. माझं लहानपण त्यांच्या मागाशेजारी गेलं होतं. तुटलेला धागा सांधताना ते अस्सेच दिसायचे! फुंकरीनं धागा हलू नये म्हणून श्वास धरायचा, हे त्यांनी मलाही शिकवलं होतं. माग केव्हाच सुटला, पण हा माणूस बटणही श्वास धरून लावत होता आणि तांब्याही श्वास धरूनच उचलत होता.

"बाबा, दम काहून धरून राहिले? कुठं धागा तुटला?"

ते चपापले. "हात कामाले लागले का दम धरल्याच जाते वं."

धरमपेठेतल्या डॉक्टरांनी ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला सांगितलं होतं, पण ते ऐकतो कोण! मी म्हटलं, "धागा सांधू नका, धोटा मारा. धोटा फेकताना कुठं दम धरत होते तुम्ही?" आडवा धागा नेणारा तो धोटा मागावर फेकावा, तसा बाबांनी रिकामा हात हवेत मारून पाहिला. श्वास आपोआप बाहेर आला. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग मी न्हाणीत स्टूल ठेवलं, वाकावं लागू नये म्हणून बादली विटांवर चढवली, जड तांब्याच्या जागी पेला दिला. तीन दिवस ते कपड्यांनिशी स्टुलावर बसून रिकामा पेला उचलत होते. फू करत उचल, फू करत ओत. वहिनी पदर तोंडाला लावून हसायची.

चौथ्या दिवशी त्यांनी आतून कडी लावली. मी दाराला कान लावला. फू, पाणी. फू, पाणी. मग एकदम शांत.

"बाबा!"

मी दारावर थाप मारणार, तोच आतून आवाज आला, एका दमात, ठणठणीत:

"दाराशी काहून उभी हायेस वं? लाज नाही वाटत, बाप आंघोळ करून राहिला न!"

मी पळाले. इतक्या आनंदानं बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती.