वहिनीच्या डोक्याची फिल्म

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचे धाडस करतो, क्षमा असावी. आज प्रयोगशाळेत फिल्म धुण्याच्या रसायनाचा आंबूस वास आला आणि वहिनीच्या डोक्याची एक्स-रे फिल्म आठवली. डोक्यातल्या गाठीने तिला झटके येत, तरी शहाद्याजवळच्या आमच्या गावी ती गोधडीच्या सुईने त्या फिल्मला बारीक भोके पाडत बसे. खिडकीत धरली की धुरकट कवटीभर उन्हाची बोंडे फुटत. "भाऊ, डाक्टरले डाग दिसस, माले कापूसनं वावर दिसस," ती मला म्हणाली. दादा ओरडला, "येडी! आपरेशनना डाक्टरले आते काय दखाडू?" "दुसरा फोटू काढतीन. डोकं तं मन्हंच शे ना!" ती हसली, आणि भिंतीवर उजेडाचे ठिपके हलत राहिले. दादा तिला ऑपरेशनसाठी मुंबईला घेऊन गेला. मी वसतिगृहात परतून निरोपाची वाट पाहत राहिलो. शेवटी निरोप आला: वहिनी वाचली, सुई धरायचा उजवा हात मात्र लुळा पडला.