सोडलेली द्राक्षं

आमच्या कॉलेजात ती पुस्तकं आली तेव्हा कुणालाच आनंद झाला नाही. मुंबईतल्या एका परदेशी वाचनालयाला जागा कमी पडत होती, म्हणून त्यांनी जास्तीची पुस्तकं मराठवाड्यातल्या कॉलेजांना वाटून टाकली. आमच्या ग्रंथपालांना वाटलं होतं, कॉम्प्युटरची येतील, स्पर्धा परीक्षांची येतील. खोकी फोडली तर निघालं काय, अमेरिकेत राहणाऱ्या मेक्सिकन लोकांचा इतिहास, त्यांच्या कविता, कादंबऱ्या, शेतमजुरांच्या संपांच्या हकिगती. ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला आणि मला विचारलं की मॅडम, जालन्यात हे कोण वाचणार. मी इंग्रजी शिकवायचे, म्हणून प्रश्न माझ्याकडं आला. मी वाचते, म्हणाले. पुस्तकांची हौस होती म्हणून नव्हे, त्यांचा तो चेहरा बघून माझं डोकं फिरलं म्हणून.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं ती. आम्ही जुन्या जालन्यात, आडत दुकानांच्या मागच्या गल्लीत राहायचो. नवरा बँकेत, धाकटा दीर गावी शेती बघायचा, आणि सासूबाई मन लागेल तशा कधी इकडं, कधी तिकडं.

आधी मला धरलं ते कवितांनी. ओळ इंग्रजीत सुरू व्हायची आणि मध्येच स्पॅनिश शब्द घुसायचे. खाली टीप नाही, अर्थ नाही. आधी मी चिडलेच, की वाचणाऱ्यानं काय करावं? मग लक्षात आलं, आपण तरी वेगळं काय बोलतो. 'जल्दी चल, बिलकुल टाइम न्हाई, खर्चा बराबर दे' असं माझी आईही बोलायची आणि भाजीवालाही, आणि कुणी कुणाला टीप देत नव्हतं. एका हकिगतीत शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल पोरांना मार मिळायचा. ते वाचताना मला माझं बी.एड.चं वर्ष आठवलं. पुण्याच्या बाजूच्या मुली माझ्या 'न्हाई'वर तोंडाला पदर लावून हसायच्या. मार नव्हता, पण वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. इतक्या लांबच्या लोकांना हे ठाऊक होतं, याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

त्याच हिवाळ्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. टीव्ही बंद, उन्हात जाणं बंद, वाकणं बंद. दुपारी मी कॉलेजातून आले की त्या बाजेवर काळा चष्मा लावून बसलेल्या असायच्या आणि मी पुस्तक उघडलं की चिडायच्या. मनातल्या मनात काय वाचतीस, मोठ्यानं वाच, म्हणायच्या. हे इंग्रजी आहे म्हटलं तर म्हणाल्या, पोथी तरी कुठं सगळी कळती, वाचणारा वाचतो आणि सांगणारा सांगतो. तेव्हा वाचणारी मीच आणि सांगणारीही मीच झाले. एक परिच्छेद डोळ्यांनी वाचायचा आणि लगेच आपल्या बोलीत सांगायचा.

हाताशी होता तो द्राक्षांच्या बागांमधल्या मजुरांच्या संपाचा इतिहास. त्याचे दोन खंड होते आणि आमच्याकडं पहिलाच होता. सासूबाईंचा जन्म आष्टीकडचा, आयुष्य रानात गेलेलं, त्यामुळं त्यांचे प्रश्न भलतेच असायचे. बाया किती होत्या? तान्ही लेकरं कुठं झोपवायच्या? आखूड दांड्याच्या कुदळीनं दिवसभर वाकून काम केल्यानं मजुरांच्या पाठी कामातून जायच्या, असं आलं तेव्हा त्या हसल्या. आपल्या खुरप्याला तर दांडाच न्हाई, म्हणाल्या. मी पुढं वाचत गेले.

पहिल्या खंडाच्या शेवटी मजूर साऱ्या देशाला हात जोडतात, की मालक करारावर सह्या करत नाहीत तोवर ही द्राक्षं खाऊ नका. आणि लांबलांबच्या शहरांतल्या, या मजुरांचं तोंडही न पाहिलेल्या बायका दुकानात जाऊन द्राक्षांना हात लावायचं थांबवतात. इथं खंड संपला. मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकायला गेले.

आता आमच्या दिराचं सांगते. आमच्या भागात तेव्हा द्राक्षाचं वारं आलं होतं. दिरानं मोठ्या जिद्दीनं बाग लावली, तारा ओढल्या, रात्रंदिवस तिथंच राबला. त्या फेब्रुवारीत त्याचा पहिला माल आला. पहिली पेटी त्यानं देवापुढं ठेवली आणि दुसरी घेऊन जालन्याला आला, आईच्या हातावर पहिला घड ठेवायला. सासूबाईंना द्राक्षं जीव की प्राण, हे त्याला ठाऊक. त्यांनी घडाला नमस्कार केला आणि बाजूला ठेवला.

"मी द्राक्षं सोडलीत," त्या म्हणाल्या.

आमच्याकडं काशी करून आलं की माणूस एखादं फळ किंवा भाजी कायमची सोडतो. सासऱ्यांनी काशीहून आल्यावर कारलं सोडलं होतं, जे ते आधीही खात नव्हते, आणि त्यावरून सासूबाईंनी त्यांना जन्मभर टोमणे मारले. आवडतं ते सोडावं, नावडतं कुणीबी सोडंल, म्हणायच्या. तेव्हा सोडणं त्यांना ठाऊक होतं ते असं. बहिष्कार वगैरे शब्द मी वाचताना वापरलाच नव्हता. मी आपलं 'त्यांनी द्राक्षं सोडली' असंच सांगितलं होतं, कारण तोंडाला तेच आलं. त्यांनी ते मनावर घेतलं. तिकडच्या मजुरांचा संप मिटेस्तोवर आपणही खायची नाहीत, एवढं सरळ.

दिराचा चेहरा उतरला. त्यानं आईला काही म्हटलं नाही, मलाच विचारलं, वहिनी, आईला काय वाचून दाखवलंत तुम्ही? मी समजावलं तर त्याचा पारा आणखी चढला. कुठली अमेरिका, कुठले मजूर, आणि माझ्या घामाचा घड आई बाजूला सारते. पेटी तिथंच टाकून तो गेला. पुढच्या आठवड्यात कळलं की गावात कुजबुज सुरू झालीय, सख्खी आई लेकाच्या बागेचं खात नाही म्हणजे बागेत काहीतरी खोट असणार. दिरानं जालन्याला येणंच बंद केलं.

मी सासूबाईंशी भांडले. तो संप कधीच मिटलाय, तीस वर्षांखालची गोष्ट आहे, म्हटलं. त्यांनी विचारलं, तुला कसं ठाऊक, पुस्तक तर अर्धंच हाय. आणि खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं, अंदाजानं बोलत होते. नवरा म्हणाला, सांगून टाक ना, मिटला म्हणून, आईला काय कळतंय. मला त्याचा असा संताप आला की दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. डोळे गेलेल्या माणसाला चुकीचा रस्ता दाखवायचा प्रकार झाला तो. पण हेही खरं की मायलेकात फूट पडली ती माझ्या वाचण्यानं, आणि ती मलाच भरून काढायची होती. दुसरा खंड मिळाल्याशिवाय ते होणार नव्हतं.

मग मी लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. जालन्याच्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजीचं एकच कपाट, त्यात रहस्यकथा. औरंगाबादला विद्यापीठात गेले. तिथं कार्डांच्या ड्रॉवरमध्ये कार्ड निघालं, मी खूश झाले, आणि शेल्फवर पुस्तक नव्हतं. कुणीतरी घरी नेलंय, येईल कधीतरी, असं उत्तर मिळालं. तिथंच मेक्सिकन लोकांच्या गोष्टींचं एक जाड पुस्तक सापडलं, तेवढं वाचत बसले. त्यातली एक आजी तव्यावर मक्याच्या भाकऱ्या थापते आणि सुनेच्या भाकरीला नावं ठेवते. भूक लागलेली असून मी ती गोष्ट संपवूनच उठले.

रिकाम्या हातानं परत आल्यावर आमच्या ग्रंथपालांचा जीव खाल्ला, तेव्हा त्यांना वाटपाचा दिवस आठवला. पुस्तकं घ्यायला सगळ्या कॉलेजांची माणसं जमली होती. भांडण नको, सगळ्यांना सारखं मिळू दे, म्हणून कुणीतरी गठ्ठ्यातून एकेक पुस्तक उचलून पत्त्यांसारखं वाटलं. पहिला खंड आमच्याकडं पडला आणि दुसरा शेजारी बसलेल्या परतूरच्या कॉलेजाकडं. दोघांनीही आनंदानं पोच लिहून दिली. मी म्हटलं, सर, उद्या बैलजोडी वाटायला बसलात तर एकेक बैल द्याल. ते म्हणाले, मॅडम, न्याय तर झाला ना. माणूस तसा वाईट नव्हता.

शनिवारी एसटीनं परतूर गाठलं. तिथल्या ग्रंथपालांनी सुतळीसुद्धा न सोडलेला गठ्ठा काढून दिला. पुस्तक बाहेरच्यांना देता येत नाही म्हणाले. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली, सासूबाई, दीर, पेटी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच्या नावावर पुस्तक काढून दिलं. शेवट काय झाला ते मला बी कळवा, म्हणाले.

दुसऱ्या खंडाचं वाचन सुरू झालं आणि दीर खत न्यायच्या निमित्तानं आला. वाचन चाललेलं बघून दारातच टेकला. मग रोज कसलं ना कसलं निमित्त काढून येऊ लागला. आईकडं बघायचा नाही, पण ऐकायचा. शेवटी तो दिवस आला. एकेक करत मालकांनी सह्या केल्या. मी मजुरांना काय काय मिळालं ते सांगितलं. मजुरी वाढली, रानात प्यायला स्वच्छ पाणी, बायांना आडोसा, विषारी औषधांच्या फवारणीवर बंधन. मजुरांनी स्वतः सांगितलं की आता खुशाल खा. पुढं करार संपले, पुन्हा संप करावे लागले, तेही त्यात होतं आणि मी तेही वाचलं, लपवलं नाही.

दीर उठला. एव्हाना हंगाम संपत आला होता, तरी राखून ठेवलेला एक घड तो रुमालात बांधून घेऊन आला होता. त्यानं तो आईच्या ओंजळीत ठेवला. सासूबाईंनी घड कुरवाळला आणि विचारलं, "आपल्या बागेतल्या बाया पाणी कुठलं पितात?"

तो म्हणाला, पंपापाशी ड्रम आहे. त्यांनी विचारलं, औषध कालवायचा ड्रम कोणता? तो म्हणाला, तोच, पण आम्ही धुऊन घेतो, आई. हात कशानं धुतात, भाकर कुठं खातात, हे त्यांनी एकेक करून विचारलं आणि त्याचा आवाज बारीक होत गेला.

त्यांनी घड रुमालावर ठेवून दिला. त्यांचा आवाज चढला नाही. "मी बी वावरात बायांना पाणी वरून वतलंय, वंजळीत. तांब्याला हात लावू दिला न्हाई. तवा वाटायचं, असंच असतंय. मंग सांग बाबा, संप मिटला कुठं?"

दीर चहा न घेता गेला. मला रडू आलं, आणि रागही आला, सासूबाईंचा. अहो, पोटचा पोरगा आहे, एक मणी तोंडात टाकला असता तर काय बिघडलं असतं? मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, पोटचा हाय म्हणूनच.

पावसाळा गेला. छाटणीच्या दिवसांत नवरा गावी जाऊन आला आणि म्हणाला, त्यानं बागेच्या कडेला झाकणाची टाकी बसवलीय, नळ लावलाय, पत्र्याची सावली केलीय. काही दिवसांनी दिराचाही फोन आला. आईला सांगा, एवढंच म्हणाला. मी सांगितलं. सासूबाईंना बरं वाटलेलं मला दिसलं, पण त्या म्हणाल्या, मालकानं सांगून काय होतंय, तिकडं बी मजुरांनीच सांगितलं होतं ना. पुस्तकात तसंच होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी दार वाजलं. बागेत घडांच्या विरळणीला जाणारी एक वयस्कर बाई होती. तिच्या लेकीचं बाळंतपण सिव्हिल हॉस्पिटलात झालं होतं, नात झाली होती. जाता जाता पत्ता विचारत आमच्याकडं आली होती. ती उंबऱ्याबाहेरच थांबली आणि पदरातून घड काढला. दिरानं पाठवला का, असं मी विचारलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. त्याला ठाऊकच नव्हतं. टाकी कुणामुळं बसली, ते मात्र बागेतल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं.

"पाणी हाय आता," ती सासूबाईंना म्हणाली. "साबण बी ठिवतेत. फवारल्यावर दोन रोज आमाला आत जाऊ देत न्हाईत. खावा आता, काकू."

सासूबाई बाजेवरून उठल्या, हळूहळू दारापर्यंत गेल्या आणि तिचा हात धरून तिला आत आणून बाजेवर बसवलं. मी घड धुऊन ताटलीत दिला. तो दोघींच्या मध्ये ठेवून त्या खाऊ लागल्या आणि नातीचं वजन, लेकीचं दूध, असलं काहीबाही बोलत बसल्या.

मी आत जाऊन दिराला फोन लावला आणि आई द्राक्षं खाऊन राह्यल्यात म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, गोड हायत का म्हणाली?

मी म्हटलं, अजून विचारलं न्हाई. दोघी खाऊन राह्यल्यात.