जयवंताबाईंच्या आवडीची भाजी

चंपतराव गजभिये आमच्या गल्लीत राहायला आले ते खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर. नागपूरच्या हुडकेश्वरला त्यांनी आधीच प्लॉट घेऊन ठेवला होता. अठ्ठावीस वर्षं टर्बाइनच्या घरघरीत काढल्यामुळे त्यांना मोठ्यानं बोलायची सवय आहे. ते पुण्याला फोन करतात तेव्हा अर्धी गल्ली ऐकते. ही हकिकतही मला आधी अशीच भिंतीपलीकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकू आली. राहिलेली त्यांनी नंतर स्वतः सांगितली.

त्यांची बायको जयवंताबाई सव्वादोन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेली. प्रशिक आणि सून मुग्धा दोघंही नोकरी करतात, नात झाली, तेव्हा ‘तीन महिने जाऊन येतो’ म्हणून निघाली. तीनाचे सहा झाले, सहाचं वर्ष. चंपतरावही मधे दोनदा जाऊन आले. तिथे हॉलमधल्या दिवाणावर त्यांचं अंथरूण. पहाटे साडेचारला जाग यायची, पण घर उठेपर्यंत दिवा लावता येत नसे. खाली फिरायला गेले की गेटवरचा गार्ड रोज विचारायचा, ‘कोणाकडे आलात?’ आठव्या दिवशीही त्यानं तेच विचारलं, तेव्हा ते नागपूरला परत निघून आले.

इथे ते एकटे. दुपारी मेसचा डबा यायचा, अर्धा तेव्हा खायचे आणि अर्धा संध्याकाळी. घरात कोणी बोलायला नाही म्हणून टीव्ही सुरू ठेवायचे आणि स्वतः बाहेर ओट्यावर बसायचे.

गेल्या दिवाळीनंतर प्रशिकचा फोन आला. बावीस नोव्हेंबरला आईचा वाढदिवस, एकसष्ट पूर्ण होतात, म्हणून तिला चार दिवस नागपूरला पाठवतो, तिकीट काढलं आहे. चंपतराव त्या दिवशी स्वतःहून माझ्याकडे येऊन सांगून गेले. मग त्यांच्या मनात आलं की या खेपेला आपण स्वतःच्या हातानं तिच्या आवडीचं काहीतरी करावं. आणि तिथेच ते अडले. जयवंताला काय आवडतं?

त्यांना स्वतःला काय आवडतं ते ठाऊक होतं. प्रशिकला काय आवडतं तेही. जयवंतानं ते सगळं पस्तीस वर्षं केलेलं होतं. तिनं एखादी गोष्ट मागून घेऊन खाल्ल्याचं मात्र त्यांना आठवेना. फोनवर आडून विचारून पाहिलं तर ती म्हणाली, “मले काय, सगळंच आवडते.”

शेवटी त्यांनी मेहुणीला फोन लावला. बायजाबाई ही जयवंताची मोठी बहीण, कामठीला असते.

“बाई, जयवंताले खायले काय आवडते हो?”

“तुमाले नाही माहीत?” बायजाबाई हसायला लागली. “वांगे-झिंगे! लहानपणी झिंग्यासाठी माह्यासंग भांडे जयवंता. माय वाढाले बसली का आपल्या ताटात किती अन् माह्या ताटात किती, मोजून घे.” मग ती एकदम थांबली. “पण तुमच्या घरी चालत नाही ना, भाऊजी. तिनंच सांगितलं होतं मले.”

चंपतरावांनी फोन ठेवला. त्यांना एक्क्याण्णव साल आठवलं.

लग्नाला वर्ष झालं होतं आणि वीज केंद्राच्या कॉलनीत क्वार्टर मिळून दोन महिने. त्यांचे वडील गिरणीत कामाला, दोन खोल्यांत नऊ माणसं. त्या घरातून पक्क्या क्वार्टरमध्ये राहायला गेलेले चंपतराव पहिलेच. एका रविवारी जयवंतानं माहेरून आणलेले सुके झिंगे, म्हणजे वाळवलेली कोळंबी, तव्यावर भाजायला घेतले. वास जिन्यात गेला. समोरच्या घराची खिडकी धाडकन बंद झाली, मग वरच्या मजल्यावरची. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर एक जण सगळ्यांदेखत म्हणाला, “काय गजभिये, काल मेजवानी होती म्हणे तुमच्याकडे? पूर्ण बिल्डिंगले समजलं!” सगळे हसले.

“मीबी हसलो,” चंपतराव मला म्हणाले. “त्याहीच्याहून जोरात हसलो.”

घरी गेल्यावर त्यांनी चप्पलही न काढता सांगून टाकलं, “या घरात पुन्हा हा वास नको मले.”

जयवंता कणीक मळत होती. “काहून?” तिनं विचारलं.

“नको म्हणजे नको.”

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. उरलेले झिंगे पुडीत बांधून बहिणीकडे पाठवून दिले. पुढे कोणी पाहुणा आला की चंपतरावच सांगायचे, ‘आमच्याकडे चालत नाही.’ सांगता सांगता ते खरंच होऊन गेलं. दहा वर्षांनी बाजारातून जाताना तो वास आला तर जयवंतासमोरच त्यांना उलटी झाली होती.

तर बायजाबाईंशी बोलणं झाल्यानंतरच्या बुधवारी ते सक्करदऱ्याच्या बाजारात गेले. सुक्या मासोळीवाल्या बाया एका टोकाला बसतात. आधी थोडा वेळ ते मसाल्याच्या दुकानापाशीच घुटमळले, मग रुमाल नाकाला न लावता सरळ जाऊन उभे राहिले.

“किती देऊ, बाबाजी?”

“दोन माणसांपुरते.”

“घरी करते कोण?”

“मीच करून राहिलो. सांग मले कसे करायचे ते.”

त्या बाईनं पुडी बांधता बांधता सगळं सांगितलं. डोकी आणि शेपट्या मोडायच्या, कोरड्या तव्यावर भाजायचे, चाळायचे, मग दोन-तीन पाण्यांनी धुवायचे. वांगी शेवटी नाही, आधी परतायची. टमाटर थोडाच.

पहिल्या दिवशी त्यांनी झिंगे भाजायला घेण्याआधी घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. हातानं आपोआपच लावल्या म्हणाले. पाच मिनिटांत घरभर धूर, डोळ्यांची आग आणि खोकला. ते अंगणात येऊन उभे राहिले, तेव्हा मी भिंतीवरून विचारलं, “काका, काय झालं?”

“काही नाही. मिरची जळली,” ते म्हणाले. मिरचीचा तो वास नव्हता हे मला कळत होतं.

ती भाजी खाताना दाताखाली कचकच वाळू लागली. धुतलेच नव्हते नीट. दोन दिवसांनी पुन्हा केली, तर तिखट इतकं की पाणी पीत बसले. तिसऱ्या खेपेला मात्र जमली. त्यांना तोच वास आता तितका नकोसा वाटेना. आईच्या हातचं जेवण आठवलं, म्हणाले. पुढच्या बुधवारी त्यांनी पुन्हा सुके झिंगे आणि काटेरी वांगी आणली, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणली, आणि बेडरूममधल्या पलंगावर नवी चादर घातली.

गुरुवारी सकाळी पुण्याहून फोन आला. नातीला ताप होता, रात्रभर रडत होती. मुग्धाला सुट्टी मिळत नव्हती.

“आता कशी येऊ मी?” जयवंताबाई म्हणाल्या. “पोरगी मले सोडूनच नाही राहिली.”

“राहू दे. पोरगी महत्त्वाची.”

“नाराज झाले काय?”

“नाही वं. मी काहून नाराज होईन?”

झिंग्यांचं त्यांनी सांगितलं नाही. अचानक ताटात वाढायचं ठरवलं होतं, ते फोनवर कसं सांगणार?

बावीस तारखेला त्यांनी मेसवाल्याला डबा आणू नको म्हणून कळवलं आणि भाजी केली. कोणी येणार नव्हतं तरी केली. भात लावला, भाकरी थापून पाहिली, ती मोडली, तशीच शेकली. बाराच्या सुमारास ताट घेऊन बसले तोच व्हिडिओ कॉल आला.

“वाढदिवसाच्या शुभेच्छा,” चंपतराव सभेत बोलल्यासारखे म्हणाले.

जयवंताबाई हसल्या. “जेवून राहिले काय? काय आलं आज डब्यात?”

“डब्बा नाही आज. मी केलं.”

“तुम्ही? काय केलं?”

त्यांनी फोन ताटाकडे वळवला. पलीकडून आवाज येईना. नेट अडकलं असं त्यांना वाटलं.

“जयवंता? दिसून राहिलं काय?”

“दिसून राहिलं.”

“वांगे-झिंगे आहे.”

“समजलं मले.”

“बायजाबाईनं सांगितलं, तुले आवडते म्हणून. तू येणार होती ना, त्याच्यासाठी शिकलो मी.”

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग तिनं विचारलं, “तुमाले उलटी नाही आली?” त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नाही आली.”

“चौतीस वर्षं झाली,” ती म्हणाली.

“हाव.”

मागे नात रडायला लागली. “उठली वाटते,” म्हणून तिनं फोन बंद केला. चंपतरावांनी ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा सगळ्यांचा कॉल आला, केक कापला, टाळ्या झाल्या. जयवंताबाई हसत होत्या, पण दुपारच्या ताटाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचे तीन दिवसही नातीच्या तापाशिवाय दुसरं काही बोलणं झालं नाही.

चौथ्या दिवशी चंपतरावांनी उरलेले सगळे झिंगे भाजले. लसूण आणि लाल मिरच्या घालून खलबत्त्यात कुटले. अशी कोरडी चटणी आठ दिवस टिकते. स्टीलच्या डब्यात भरून, वर तीन पिशव्या बांधून त्यांनी पुण्याची गाडी धरली. डब्याची थैली वाटभर मांडीवर होती. समोरच्या बाकावरच्या माणसानं दोनदा हुंगून पाहिलं.

प्रशिक आणि मुग्धाला आश्चर्य वाटलं. ‘बाबा, कळवायचं तरी,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोघंही कामावर गेल्यावर आणि नात झोपल्यावर त्यांनी डबा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. जयवंताबाईंनी झाकण उघडलं आणि लगेच लावून टाकलं.

“मुग्धाले नाही चालणार.”

“विचारलं होतं तिले?”

“नाही. विचारायचं काय त्यात? मले वाटलं, नसंन चालत.”

ही सवय तिला कोणी लावली ते त्यांना कळत होतं.

थोड्या वेळानं तिनं झाकण पुन्हा उघडलं. सकाळची पोळी घेतली, चटणी घेतली आणि ओट्याशी उभ्या उभ्याच पहिला घास खाल्ला. सावकाश चावला.

“मीठ जास्त झालं,” ती म्हणाली. मग दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. तीन पोळ्या संपवल्या. चंपतराव दाराशी उभे राहून पाहत होते.

“जयवंता,” त्यांनी विचारलं, “माह्यापायी अजून काय काय सोडलं तू?”

ती डबा पुसत होती. “आता कुठून सांगू?” मग झाकण लावत म्हणाली, “कॉलनीत त्या बाया शिवणाच्या क्लासले जायच्या, मले जायचं होतं त्याहीच्यासंग. तुमाले विचारलंबी होतं मी. आठवते?”

चंपतरावांना आठवलं नाही. त्यांनी तसं सांगितलं. जयवंताबाईंनी नुसती मान हलवली, त्यांना आठवणार नाही हे तिला आधीपासून ठाऊक असल्यासारखी. तेवढ्यात नात उठली आणि ती आत गेली.

संध्याकाळी मुग्धा दारातूनच म्हणाली, “कसला वास येतोय?”

जयवंताबाई घाईनं खिडकी उघडायला गेल्या. चंपतराव दिवाणावरून उठले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलले, “झिंगे आहेत. मी आणले. तुझ्या सासूले आवडतात.”

“हो का, आई?” मुग्धा पर्स ठेवत म्हणाली. “मला नाही सहन होत तो वास, खरं सांगते. पण तुम्ही कधी बोललाच नाहीत. फॅन लावून करा ना, मी आतलं दार लावून घेईन.”

एवढ्या साध्या शब्दांत ते संपलं. जयवंताबाई एकदा सुनेकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहत राहिल्या, जणू दुसऱ्याच कोणा बाईबद्दल बोलणं चाललं होतं.

चंपतराव तिथे पाच दिवस राहिले. निघताना त्यांनी विचारलं, “चालतं काय माह्यासंग नागपूरले?” ती नातीच्या अंगात स्वेटर घालत होती. मान वर न करता म्हणाली, “पोरगी शाळेत जायले लागली म्हंजे पाहू.” आणि मग, “चटणी चांगली झाली होती. मीठ तेवढं कमी करत जा.”

ते परत आले तेव्हा मी फाटकापाशी होतो. “काकू कशा आहेत?” मी विचारलं.

“बरी आहे.” त्यांनी कुलूप उघडलं. “पोरगी शाळेत गेली का पाहू म्हणते.”

“म्हणजे अजून वर्ष-दीड वर्ष?”

“हाव, तेवढं तर लागंनच.” ते उंबऱ्यात थोडे थांबले. “मले वाटे, मी ओळखतो तिले,” म्हणाले.

मग थैली आत ठेवून ते खराटा घेऊन बाहेर आले आणि अंगणात आठवडाभर पडलेला कडुनिंबाचा पाला झाडायला लागले.