सिलिंडरच्या पिनेवर आवळलेली तार

मंडळी, एक गोष्ट सांगायचीय.

आज सकाळी पिशोरजवळच्या माळावर आम्ही हौशी लोक रेसचा सराव करत होतो. माझा मित्र इम्रान गाडी पळवत होता. एकदम बॉनेटखालून जाळ आला आणि दार अडकलं. आग विझवायचा सिलिंडर त्याच्या सीटशेजारीच होता.

"पिन निघंना रे!" तो आतून ओरडला.

खड्ड्यात गाडी आदळली की पिन खडखडायची, निसटायची, म्हणून परवा मीच तिच्यावर तार आवळली होती. आवाज व्हायचा नाय म्हणून खूशही झालो होतो.

मीच त्याला खिडकीतून ओढून काढलं. रेसच्या आगरोधक सूटमुळं अंग वाचलं, पण नायलॉनचे मोजे वितळून पायाला चिकटले.

दवाखान्यात भाभी रडत म्हणल्या, "भैया, तुम्ही होता म्हणून हे वाचले."

मी तारेचं बोललोच नाय. तुम्ही बोलला असता?